काचेचा फोन

“आण्णा, हा बटणांचा घेतला तर बॅटरी चार दिवस जाईल, पण चार माणसांत बाहेर काढायची लाज वाटंल बघा,” असं माझा पोरगा अंकुश सांगोल्याच्या मोबाइलच्या दुकानात म्हणाला, आणि मी त्याला तिथंच एक सणसणीत शिवी हासडली. म्हणजे हासडली असती. तोंड उघडलं, ओठ हलले आणि गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा फुस्स करून गेली. दुकानदार दचकून मागं सरला. अंकुशनं त्याला समजावलं की घाबरू नका, ऑपरेशन झालंय, त्यांना बोलता येत नाही.

मी बिरा मेटकरी. आयुष्यभर जनावरांच्या बाजारात दलाली केली. बाजाराच्या ह्या टोकाला मी बोललो की त्या टोकाची म्हैस कान टवकारायची, असा आवाज होता माझा. तंबाखूनं गळा खाल्ला. मिरजेच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून घेतली आणि श्वास घ्यायला गळ्याला भोक ठेवलं. जीव वाचला हे खरं. पण दलालाचं बोलणं गेल्यावर राहतं काय? बाजार सुटला. घरात मी असलो काय आणि नसलो काय, सारखंच झालं. कुणी माझ्याशी बोलायला लागलं की मोठ्यानं ओरडून बोलायचं. अरे, आवाज गेलाय, कान शाबूत आहेत माझे. पण हे तरी सांगायचं कसं?

आधी पाटी वापरत होतो. खडूची भुकटी भोकात जाऊन असा खोकला लागायचा की डोळे बाहेर यायचे. माझी धाकटी, वृषाली, सांगलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ऑपरेशननंतर महिनाभर तीच माझ्या उशाशी होती. भोक साफ कसं करायचं, रात्री कूस कशी बदलायची, सगळं तिनं शिकवलं. जाताना अंकुशला बजावून गेली होती की आण्णांना फोन घे, पण बटणांचा घे. पाटी बंद करा, त्यांना फोनवर लिहू दे.

म्हणून आम्ही त्या दुकानात होतो. दुकानदारानं दोन्ही फोन पुढं ठेवले. एक अर्ध्यात काच आणि अर्ध्यात बटणं असलेला, बटणांवर मराठी अक्षरं छापलेली. दुसरा सगळाच्या सगळा काचेचा. बटणांचा हातात घेतला आणि माझं मन तिथंच बसलं. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा, बोटं दाबायची, कितीला देतोस, कितीला घेतोस, सगळं बोटांनी. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. हातात काहीतरी दाबायला लागलं की माझी बोटं शहाणी होतात. अंगठ्यानं चाचपत मी दुकानातच माझं नाव लिहून दाखवलं.

मग काचेचा घेतला. कासरा ओढून ओढून माझ्या बोटांची कातडी चपलेच्या तळासारखी झालेली. त्या काचेला माझी बोटं कळेचनात. एका अक्षरावर टेकवावं तर शेजारचं उमटायचं, नाहीतर काहीच नाही. दुकानदार भला माणूस, तो म्हणाला की काका, तुम्हाला बटणांचाच बरा. बॅटरीचंही त्यानं खरं ते सांगितलं. बटणांचा चार दिवस जाईल, काचेचा संध्याकाळी चार्जिंगला लावावाच लागेल. आमच्या वस्तीवर तर लाईट आली आली म्हणेपर्यंत जायची.

राहिला कार्डाचा प्रश्न. वृषालीचं कार्ड ज्या कंपनीचं होतं तिचा टॉवर आमच्या वस्तीसमोरच्या टेकावर. घरात चुलीपाशी बसूनसुद्धा रेंज यायची. अंकुशला ते नको होतं. तो दूध संघात हंगामी कारकून होता. संघातल्या लोकांनी म्हणे एका कंपनीची कार्डं एकदम घेतली होती, आपापसात बोलणं फुकट. त्यातलंच एक माझ्यासाठी घ्यायचं त्यानं आधीच ठरवून टाकलेलं. बोलणं फुकट, आणि ते मुक्याला! मी खुणेनं त्याला माझा गळा दाखवला. त्यालाही हसू आलं. पण घेतलं तेच.

फोनही काचेचाच घेतला. मी बटणांचा सोडेना, तर माझ्या मुठीतनं त्यानं तो अलगद काढून घेतला, लहान पोराच्या हातातनं विळा काढून घेतात तसा. म्हणाला, आण्णा, सवय हुईल, आता सगळी दुनिया काचंवर गेली, संघातले साहेब लोक घरी येत्यात. वर चामड्याचं पाकीट घेतलं, काच फुटू नये म्हणून तिच्यावर आणखी एक काच चिकटवून घेतली. गावात त्याचं कौतुक झालं. पोरगा असावा तर असा, आजारी बापाला एवढा भारी फोन घेतला. मीही मान हलवत राहिलो. दुसरं काय करणार?

फोन आल्यावर अंकुशनं पाटी उचलून माळ्यावर टाकली. माझी बायको कौसाबाई हिला अक्षरओळख नाही. ती माझे ओठ बघून निम्मं ओळखायची आणि निम्मं मनाचं घालायची. बाकी सगळ्यांसाठी आता फोन. त्यात माझं अक्षर असं की पेननं लिहिलेलं माझं मलाच लागत नाही. म्हणून काचेवर बोटं आपटत मी शिकलो. एक ओळ लिहायला चिलीम ओढून व्हावी एवढा वेळ लागायचा. वृषालीला काही कळवायचं तर जिना चढून माळवदावर जायचं, फोन डोक्यावर धरायचा आणि रेंजची वाट बघायची. ती लगेच उलटं लिहायची. जेवलात का. भोकावर ओलं फडकं ठेवता का. मला त्यातच बरं वाटायचं.

दिवाळी झाल्यावर स्थळ आलं. कोळेकर तात्यांचा पोरगा, प्रमोद. तात्या दूध संघाचे संचालक. बागायत, ट्रॅक्टर, दोन मजली घर. अंकुश तर हवेतच. वृषालीला त्यानं बोलावून घेतलं, पाहुणे नुसतं बघायला येणार म्हणून. पण कौसाबाईनं पुरणाची डाळ भिजत घातली आणि भावकीला निरोप गेले, तेव्हाच मला कळलं की हे बघणं नाही, लग्न ठरवायची बैठक आहे.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी माळवदावर बसलो होतो. वृषाली वर आली. माझ्या गळ्यावरचं फडकं बदललं आणि तिथंच बसली. लहानपणापासून ती फार बोलायची नाही. घरातलं सगळं बोलणं मीच करत होतो ना.

“आण्णा, परीक्षा उन्हाळ्याच्या शेवटाला हाय,” ती म्हणाली. “तेवढी हू द्या. मग कुनाशीबी लावा, मी मान वर करणार न्हाई. पर ते म्हंत्यात वैशाखात लगीन आन शिक्षान बंद.”

मी खुणेनं विचारलं, मग मी काय करू?

“माणसांत मला न्हाई म्हनता यायचं न्हाई. मला कोण इचारणारबी न्हाई. तुमाला इचारत्याल. तुमी म्हना.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग फोन काढून हळूहळू लिहिलं, मी हाय. तिनं वाचलं, आणि डोळे पुसत खाली गेली. आमच्यात मुलीच्या बापाला विचारल्याशिवाय सुपारी फुटत नाही. मामा बोलेल, भाऊ बोलेल, भावकी बोलेल, पण शेवटचा शब्द बापाचा. पोरीचं सगळं नशीब माझ्या त्या एका शब्दावर होतं. आणि तो शब्द माझ्याकडं तयार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन अंकुशकडेच. भावकीतली पोरं जमली, त्यांना गाणी लावून दाखव, फोटो काढ, असं चाललेलं. मी दोनदा मागितला. देतो की आण्णा, म्हणाला. पाहुणे दारात आले तेव्हा कुठं माझ्या खिशात आणून घातला.

सोप्यात सतरंजी अंथरलेली. एका बाजूला तात्या, त्यांचे भाऊ, गावचे दोन मानकरी. एका बाजूला आमची भावकी आणि मधे मी, नवं धोतर, गळ्याला पांढरा रुमाल. बायका आत. वृषाली चहा घेऊन आली, पाया पडली, नाव-गाव विचारलं तेवढं सांगितलं आणि आत गेली. आत जाताना दारात थांबून तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं.

मग कामाचं बोलणं सुरू झालं. मानपान, बस्ता, मांडव कुणाच्या दारात. तात्या बोलायला गोड. त्यांनी स्वतःच सांगितलं की हुंडा नको, पोरगी द्या आणि नारळ द्या. फक्त लग्न वैशाखात. आणि शिक्षण झालं तेवढं पुरे, आमच्यात सुना दवाखान्यात दुसऱ्याची घाण काढायला जात नाहीत. भावकीनं माना डोलावल्या. अंकुश खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत होता. शेवटी तात्या माझ्याकडं वळले.

“बिराण्णा, पोरीचा बाप तुमी. तुमचं काय म्हननं?”

मी फोन काढला. काच उजळली तर कोपऱ्यात बॅटरीचं चित्र तांबडं झालेलं. मी लिहायला लागलो. बोटाला घाम. एक अक्षर यायचं, दोन पुसायची. सगळे माझ्या अंगठ्याकडं बघत बसलेले. कुणी खाकरलं, कुणी सुपारी कातरली. तात्यांच्या भावानं दुसऱ्यांदा चहा मागितला. मी घाई केली की काच आणखीच बिघडायची. बटणांवर मी हे एका झटक्यात लिहिलं असतं, डोळे तात्यांच्या डोळ्यांत घालून लिहिलं असतं. अखेर झालं. पोरीची परीक्षा झाल्याबिगर लगीन न्हाई, आन ती नोकरी करणार. मंजूर नसंल तर राम राम.

मी उठलो आणि फोन तात्यांच्या हातात दिला. दुसऱ्या कुणाच्या नाही, त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, हसले.

“चष्मा गाडीत राहिला. वाच रं अंकुश, काय म्हंत्यात आण्णा?”

अंकुशनं फोन घेतला. वाचला. मी त्याचा चेहरा बघत होतो. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तात्यांकडं. मग पुन्हा काचेकडं बघत वाचायला लागला. धडाधड नाही. अडखळत, मधेच थांबून, पुढचा शब्द लागत नसल्यासारखं डोळे बारीक करून.

“पोरगी आता तुमचीच हाय,” त्यानं वाचलं. “शिक्षान... झालं तेवढं बास. तुमी म्हनाल तसं.”

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी फोन ओढायला हात घातला, त्यानं तो मागं घेतला. मी मान हलवली, नाही नाही, जमिनीवर हात आपटले. तोंडातून शब्द फुटावा म्हणून सगळं बळ लावलं आणि भोकातून कफ आणि हवा एकदम आली, असा खोकला लागला की मी गुडघ्यांवर आलो. रुमाल तांबडा झाला. लोक उठले. कुणीतरी माझी पाठ चोळायला लागलं. तात्यांचा आवाज मला अजून आठवतो, अगदी मायेचा आवाज.

“लेकीचा बाप हाय. गहिवरून आलं त्यांला.”

चौघांनी धरून मला आत नेलं. कौसाबाईनं पाणी आणलं. श्वास जाग्यावर येईपर्यंत बाहेर एक बारीक आवाज आला, दगडावर सुपारी फुटल्याचा. मग पेढे वाटायला लागले.

मी बाहेर धावलो. अंकुशनं फोन माझ्या हातात दिला, माझ्याकडं न बघता. काच काळी. बॅटरी संपून बंद पडलेला. मी तो तात्यांपुढं धरला. त्यांनी माझा हात फोनसकट दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले की व्याही, आता काय काळजी करू नका. आणि माझ्या तोंडात पेढा भरला.

लाईट दुपारनंतर आली. फोन चालू झाला तेव्हा मी लिहिलेलं काहीच त्यात नव्हतं. पाठवल्याशिवाय बंद पडला की जातं म्हणे. मी पुन्हा लिहिलं, तेच सगळं, आणि खाली लिहिलं की दादानं खोटं वाचलं. वृषाली घरामागच्या परड्यात भांडी घासत होती. तिच्यापुढं फोन धरला. राखेचे हात तसेच ठेवून तिनं वाचलं. बराच वेळ वाचत होती.

“आण्णा,” ती म्हणाली, “रुमालाखाली एक आन तोंडावर एक, ही बाजाराची रीत झाली. तिथं घेणाऱ्याला एक भाव सांगत्यात, देणाऱ्याला एक. मी काय गाय हाय व्हय?”

मी मान हलवत राहिलो. ती पुन्हा भांड्यांकडं वळली. मी तिच्याशेजारी खाली बसलो तर तिनं जागा करून दिली, पण बघितलं नाही. कुणावर विश्वास ठेवायचा तिनं? दादाचा आवाज तिनं दाराआडून स्वतःच्या कानांनी ऐकलेला, आणि माझं काय, काचेवरची चार अक्षरं, सुपारी फुटल्यावर लिहिलेली. पोरीची चूक नव्हती. दलालाची पोर ती, दलाल कसे असतात तिला माहीत.

अंकुशला मी गाठलं. त्याची गचांडी धरली. तो म्हणाला, “मारा आण्णा. पर मी काय वाईट केलं? एवढं घर तिला दुसरीकडं मिळंल का?” आणि मग हळूच, “मी किती साल हंगामी राहू?” माझी पकड सुटली. त्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

भावकीतल्या थोरल्या आप्पांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळं नीट वाचलं, फोन माझ्या खिशात परत ठेवला. म्हणाले की बिराण्णा, फुटलेली सुपारी जोडत नाही, मोडली तर पोरगी घरात बसंल. हे आता कुणाला दाखवू नका. कौसाबाईनं पाय धरले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अंकुश पुढच्या वर्षी कायम झाला. आज तो संघात मोठ्या खुर्चीवर आहे, आणि वाईट मुलगा नाही तो, माझी औषधं वेळेवर आणतो, फोन बिघडला की नवा आणतो, काचेचाच. वृषाली तात्यांच्या घरात सुखाची आहे असं सगळे म्हणतात. तात्यांना लकवा झाल्यापासून त्यांची घाण तीच काढते. सासरे आहेत, तिथं कुणाला लाज वाटत नाही.

पण त्या लग्नाच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. लग्न तात्यांच्या दारात झालं. भर दुपारचा मुहूर्त, वैशाखाचं ऊन, मांडवाच्या कनाती तापलेल्या. त्या दिवशी मी पहाटेपासून फोन स्वतःजवळ ठेवला होता, चार्ज करून. घरी असतानाच लिहून ठेवलं होतं, थोडकंच. अजून न्हाई म्हन. मी तुझ्या मागं हुबा हाय. नंतर सगळी भावकी थुंकली असती तरी चाललं असतं मला. गाडी जोडून, नाहीतर पायी, तिला सांगलीला नेऊन घातली असती.

मामा तिला बोहल्याकडं घेऊन निघाला. दोन्ही हातांत हार, कपाळाला मुंडावळ्या, पाठराखण करायला मागं अंकुश. मी गर्दीतून वाट काढत तिच्या आडवा गेलो आणि फोन तिच्या डोळ्यांपुढं धरला. कनातीच्या फटीतून ऊन थेट काचेवर पडलेलं. काच नुसती चमकत होती, तिच्यात काही दिसत नव्हतं. माझं मलाच दिसत नव्हतं. मी सावली करायला दुसरा हात वर धरला, फोन इकडं वळवला, तिकडं वळवला. वाजंत्री थांबली. भटजी ओरडायला लागले की मुहूर्त टळतोय. तिच्या डोळ्यांत पाणी, हातांत हार, पुसायचं कशानं? तिनं मान मागं वळवली.

“दादा, काय म्हंत्यात आण्णा?”

अंकुशनं माझ्या हातातून फोन घेतला. तिच्या पदराच्या सावलीत धरून वाचला. या वेळी तो अडखळला नाही.

“सुखानं नांद म्हंत्यात.”

सुपारी फुटल्यापासून ती माझ्याकडं बघून हसली नव्हती. तेव्हा हसली. हार तसाच सांभाळत वाकली, माझ्या पायांवर डोकं टेकवलं आणि मामाबरोबर बोहल्यावर जाऊन उभी राहिली.